घरातला आवाज नाटकात नको

भिवपुरी रोड स्टेशनावरून गावांकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाजीवाल्या बायकांची रांग संपली की एक अरुंद गाळा लागतो. वर पाटी आहे, 'पौर्णिमा म्युझिक सेंटर'. अक्षरं उन्हानं खाल्ली आहेत आणि म्युझिक तर केव्हाच गेलं. आत चार्जर, मोबाईलची कव्हरं, काचेवर चिकटवायच्या फिल्मा, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेला प्रबुद्ध सोनावळे. त्याच्या एका कानात इयरफोन असतो, दुसरा मोकळा. एका कानात नाटक, एका कानात दुनिया, असं तो म्हणतो.

त्याचा धंदा मूळचा कॅसेट भरून देण्याचा. लग्नाची गाणी, भीमगीतं, बँजो, ज्याला जे हवं ते तो एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवून द्यायचा. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, मेमरी कार्ड आलं. भरून देणं तेवढं राहिलं. मग प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट आलं आणि भरून घ्यायला येणारी माणसंच संपली. उरले ते कळंबकडच्या फार्महाऊसवरचे राखणदार. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येऊन धिंगाणा घालून जातात. नंतर आठवडाभर एक माणूस, सहा खोल्या, निळ्या फरशीचा पोहायचा हौद आणि डोंगराआड अडकलेली रेंज. गाणी अशा ठिकाणी लवकर विटतात. प्रबुद्ध या लोकांना ऐकायची नाटकं भरून द्यायचा, आणि तीही एकाच तऱ्हेची. विज्ञानाची आणि भीतीची.

भुताखेताची का नाहीत, असं कोणी विचारलं तर त्याच्याकडे दोन उत्तरं होती. एक स्वतःचं. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन देव घराबाहेर काढले, त्यांच्या मागोमाग भुतंही काढली. तेव्हापासून घरात भीतीला राहायला जागा उरली ती फक्त यंत्रात. दुसरं उत्तर चांगोचं. चांगो ठाकरवाडीचा, कळंबजवळच्या एका बंगल्यावर राखणीला. पहिल्यांदा कार्ड भरायला आला तेव्हाच त्यानं सांगून टाकलं होतं.

"भुताचं नको, दादा. भुतं आमच्या वाडीवर हायेत, वळखीची. मशीनचं दे. मशीनला नवस चालत नाय."

सगळ्यांनी ऐकलेलं नाटक प्रबुद्ध कधी सुचवत नसे. त्याच्याकडची नाटकं कुठून कुठून आलेली. कॉलेजच्या मुलींनी वसतिगृहात गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केलेली, एखाद्या निवृत्त मास्तरांनी सगळ्या पात्रांना आपलाच आवाज देऊन केलेली. ऐकणारे पन्नास-साठ, त्यातले निम्मे नातेवाईक. इंटरनेटच्या अडगळीतून तो ती वेचून काढायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग माणूस बघून द्यायचा.

'खोकला' नावाचं एक होतं. चंद्रावरच्या तळावर काही माणसं अडकली आहेत, धुळीनं सगळ्यांना खोकला लागलाय. मग एकेकाचा खोकला थांबत जातो. ज्याचा थांबतो तो बरा झालेला नसतो; तो आता तो नसतो. ऐकता ऐकता आपण कोण खोकत नाही याकडे कान लावून बसतो आणि शेवटी आपल्यालाच खाकरून बघावंसं वाटतं. हे तो बडबड्या माणसांना द्यायचा. 'आधीच उत्तर' म्हणून दुसरं होतं. एका उपग्रहाकडून प्रश्न विचारण्याआधीच उत्तरं यायला लागतात, आणि एक उत्तर असं येतं की त्याचा प्रश्न विचारायला कोणी धजत नाही. ते घाईच्या माणसांना, कारण पहिले दोन भाग त्यात काही म्हणजे काही घडत नाही. आणि 'सातवी कक्षा' त्याच्या अगदी आतलं. बनवणाऱ्यांची खोली रस्त्यावरची असावी. यानातल्या सगळ्यात निःशब्द प्रसंगात लांबवर एक कुत्रं भुंकतं. त्यांनी ते काढलं नाही. नाटकातलं कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रबुद्ध सांगायचा, बाकीची गोष्ट विसरलास तरी चालेल, कुत्र्याची वाट बघ. पृथ्वीपासून इतक्या लांब ते कोणाला बघून भुंकतंय, एवढंच मनात ठेव.

रात्री ऐकू नका, असं तो सगळ्यांना बजावायचा. रात्री माणूस स्वतःलाच घाबरतो, नाटकाला काही काम उरत नाही. दुपारी ऐका, जेवणं झाल्यावर, ऊन उंबऱ्यावर उभं असताना.

त्याचा खरा नियम मात्र वेगळा होता आणि तो चांगोमुळे झाला होता. त्यानं चांगोला एकदा 'पाताळविहीर' भरून दिलं. त्यात एक कूपनलिका इतकी खोल जाते की पंप चालू केला की पाण्याऐवजी श्वास वर येतो. बंगल्यावरचा पंप टाकी रिकामी झाली की आपोआप सुरू होणारा. चांगो ऐकत बसलेला असताना नेमका तो सुरू झाला. चांगोनं उठून मुख्य बटण पाडलं आणि पुन्हा काही त्याला हात लावला नाही. शनिवारी पाहुणे आले तर नळाला पाणी नाही. मालक फोनवर ओरडत होता आणि चांगोला कारण सांगता येत नव्हतं.

"काय सांगू त्याला? पंप दमलाय म्हनू?" तो नंतर दुकानात येऊन म्हणाला. हसत होता, पण कार्ड त्यानं कागदात गुंडाळून आणलं होतं, हाताला लागू नये असं.

तेव्हापासून प्रबुद्ध प्रत्येकाला आधी विचारायचा, दुपारच्या वेळी तुझ्या घरात काय काय वाजतं? नदीकाठच्याला पाण्याचं नाटक नाही. ज्याच्या घरी म्हातारं कोणी कण्हतं त्याला 'खोकला' नाही. घरातला आवाज नाटकात नको. नाटक ऐकून झाल्यावर माणसाला परत यायला एक घर लागतं, आणि त्या घरातला एकही आवाज नाटकानं नेलेला नसावा.

या मोबाईलवाल्याची एक गोष्ट मात्र बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. तो स्वतःच्या मुलीला फोन करत नसे. दीप्ती लग्न होऊन साजगावला दिलेली, जावई सुमित तिथल्याच एका कारखान्यात. तिचा फोन आला की प्रबुद्ध तो कापायचा आणि 'बोल' असं लिहून पाठवायचा. लिहून भागेनासं झालं तर दुकानाचं शटर ओढून निघायचा, कर्जतला गाडी बदलून खोपोली, तिथून रिक्षा, आणि थेट तिच्या दारात. कोणी म्हणायचं कंजूष आहे, कोणी म्हणायचं इयरफोननं कान गेलाय. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, समोर बसून बोललेलं बरं असतं. त्याला स्वतःलाही तेच कारण वाटत होतं.

पाटीवरची पौर्णिमा ही त्याची बायको. तिचे वडील वीजघरात वायरमन, त्यामुळे ती वाढली तिथल्या क्वार्टर्समध्ये. डोंगरावरून पाणी पाइपांतून खाली येतं, यंत्रं फिरतात, आणि त्यांची घरघर जमिनीतून तळपायाला लागते. ती घरघर तिला ऐकू यायची बंद झाली ती लग्नानंतर, गावात आल्यावर, आणि मग तिला झोप येईना. जमीन गप्प आहे, असं ती म्हणायची. प्रबुद्धला ती दिसायच्या आधी ऐकू आली होती. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला स्पीकर त्याचे होते आणि निवेदन तिचं. तो मांडवामागे वायर धरून उभा होता आणि त्याच्याच कर्ण्यातून एक अनोळखी बाई सावकाश, प्रत्येक शब्द जागेवर ठेवत बोलत होती.

दोघांनी मिळून एक नाटक केलं. दीप्ती तेव्हा झोळीत होती. दुपारी शटर ओढून, भिंतीला गोधड्या लटकवून, एका टेपरेकॉर्डरवर. नाव 'खालचा मजला'. डोंगराच्या पोटातल्या वीजघरात एक माणूस एकटा कामाला आहे. वर वसाहतीत त्याची बायको. तो तिच्याशी रोज फोनवर बोलतो. एक दिवस सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खालून फोन येतो, जिथे मजलाच नाही. पलीकडे नुसती घरघर. रोज तो फोन येतो आणि घरघरीतून हळूहळू शब्द निघतात. त्यानं बायकोला विचारलेले, बायकोनं त्याला सांगितलेले. शेवटी ती घरघर त्याच्या बायकोसारखी बोलते आणि म्हणते, मीच आहे, दार उघड. तो माणूस प्रबुद्ध झाला होता. बायको आणि खालचा आवाज, दोन्ही पौर्णिमा. त्यानं तिला खालच्यासाठी घोगरा आवाज काढायला सांगितला तर तिनं साफ नाही म्हटलं.

"वेगळा आवाज आला तर तो घाबरेल कशाला?" ती म्हणाली होती. "तो बायकोला ओळखेलच की."

नाटक पुरं झालं, चार लोकांनी ऐकलं, आणि दुसऱ्या वर्षी पौर्णिमा तापानं गेली. दीप्ती दोन वर्षांची होती. पौर्णिमाची निवेदनं होती, गाणी होती, पण त्या दिवसांत वापरलेल्या कॅसेटवरच पुन्हा भरायची रीत. कोणाची वरात, कोणाचं बारसं भरताना तिचे सगळे आवाज एकेक करून पुसले गेले होते, तेही त्याच्याच हातानं, ती समोर बसून चहा पीत असताना. तेव्हा कोणाला काय माहीत. वाचलं ते एवढं एक नाटक, कारण कॅसेटच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे दात पौर्णिमानं स्वतः सुरीनं मोडून टाकले होते. दात मोडले की वर काही भरता येत नाही. हिच्यावर कोणाची वरात भरू नका, असं बजावलं होतं तिनं.

म्हणजे बाईचं म्हणून मागे उरलं ते हे. एका माणसाला घाबरवणारा आवाज. प्रबुद्धनं पुढे ते कार्डावर उतरवलं, पण आवाज बंद ठेवून, नुसत्या मीटरच्या हलणाऱ्या काट्याकडे बघत. ऐकलं नाही. ते कार्ड त्याच्या पाकिटात असायचं. दुनियेतल्या कुठल्या नाटकाला कुठला माणूस, हे तो सांगू शकत होता. या एका नाटकाला माणूस नव्हता. आईचा आवाज न आठवणाऱ्या मुलीला आई म्हणून हे द्यायचं, याची त्याला भीती वाटे.

दीप्तीला नाटकाबद्दल माहीत होतं. तिला वाढवलं आजीनं, म्हणजे प्रबुद्धच्या आईनं, गंगाबाईनं, आणि गंगाबाईला काही पोटात ठेवता यायचं नाही. पण दीप्तीनं कधी मागितलं नव्हतं. मग तिची मुलगी मैत्री चार वर्षांची झाली. भिंतीवरच्या फोटोकडे बघून तिनं विचारलं, ही आजी कशी बोलायची? दीप्ती तिला सांगू शकली नाही. पुढच्या खेपेला प्रबुद्ध आला तेव्हा तिनं वाल सोलता सोलता विषय काढला. तो म्हणाला, ते तुझ्या आईचं बोलणं नाही, यंत्राचं आहे. लिहिलेलं आहे.

"काय बोलते ते नकोच आहे मला," ती म्हणाली. "कशी बोलते ते हवंय. सगळ्या दुनियेला भरून देता ना, पप्पा."

तो नाही म्हणाला नाही. त्यानं तिच्या घरात डोळे मिटून बसून घेतलं, गिऱ्हाइकाच्या घरात कधी बसला नव्हता तसं. काय काय वाजतं? कुकर. वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन. आणि चाळीच्या मागच्या कारखान्याचा धूर ओढणारा मोठा पंखा, दिवसभर एका सुरात. त्या सुरापाशी त्यानं डोळे उघडले. नाटकातली घरघर पौर्णिमानं माहेरी जाऊन, टेप जमिनीवर ठेवून भरून आणली होती. आणि ती अशीच होती. म्हणून त्यानं ठरवलं, कारखान्याच्या सुट्टीच्या वारी यायचं. त्या दिवशी पंखा बंद असतो. सुमितचा कारखाना दुसरा, त्याची सुट्टी वेगळ्या वारी, त्यामुळे तोही नसेल. दुपार, जेवण झालेलं, मैत्री आतल्या खोलीत झोपलेली. सगळं नियमाप्रमाणे.

त्या दिवशी त्यानं कार्ड दिलं आणि इयरफोन पुढे केला. एकाच कानात घाल म्हणाला. दीप्तीनं तो बाजूला ठेवला. कानात नको, घरात ऐकू दे, म्हणाली. तिनं मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांना टेकवून उभा केला. प्रबुद्ध बाहेर गॅलरीत जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. शेजारी ऐकू जायला नको म्हणून तिनं दाराला आतून खालची कडी घातली.

आधी घरघर आली. मग एक तरुण पुरुष बोलू लागला, जरा घाईत, जरा नाटकी. हा कोण, असं प्रबुद्धला वाटलं, आणि मग कळलं की हा आपणच. त्याला थोडं हसू आलं. तेवढ्यात आतून दीप्तीनं विचारलं, जेवलात का.

"हो गं," तो दाराकडे वळून म्हणाला. "तुझ्यासमोरच तर जेवलो."

आतून उत्तर आलं नाही. तो तरुण पुरुष म्हणाला, जेवलो, डब्यात भाजी खारट होती. आणि ती हसली. दीप्ती हसते तशी, शेवटी श्वास आत ओढून.

प्रबुद्ध खुर्चीवर तसाच राहिला. उन्हात समोरच्या कठड्यावर कोणाच्या तरी पापड्या वाळत होत्या. त्यानं पंखा आठवला होता, कुकर आठवला होता, वरची शिलाई मशीन आठवली होती. त्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त जो आवाज वाजत होता तो त्यानं धरलाच नव्हता. गंगाबाई एकदा चुलीपाशी बसून म्हणाली होती, पोरगी मागल्या दारानं बोलत आली की सून आल्यासारखी वाटते. तेव्हा तो ताटावरून उठून दुकानात निघून गेला होता. का उठला ते त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. समोर तोंड दिसत असलं की दीप्ती दीप्ती असायची. फोनवर तोंड नसतं.

आत नाटक पुढे जात होतं. एका ठिकाणी पौर्णिमा बोलता बोलता थांबते, मागे झोळीतलं मूल रडतं, ती जराशी वाट बघते आणि वाक्य तिथूनच पुढे उचलते. त्यांनी ते काढलं नव्हतं. डोंगराच्या पोटात कोणाचं तरी मूल रडतं आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. दीप्ती भिंतीकडे तोंड करून, पदर तोंडावर दाबून उभी होती. ते रडणं तिचं होतं.

त्या रडण्यानंच मैत्री जागी झाली. आतल्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आली, आई म्हणून हाक मारली. आई पाठमोरी होती आणि बोलत नव्हती. आणि आईचाच आवाज, कुठूनही, सगळीकडून, सावकाश म्हणाला,

"मीच आहे. दार उघड."

प्रबुद्धला कडी पडल्याचा आवाज आला. दार उघडलं, मैत्री उंबऱ्यावर. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं, गॅलरीत कोणीच नव्हतं. आतून दीप्ती धावत आली, मैत्री, अगं मी इथे आहे, म्हणाली. फळीवरून तोच आवाज म्हणत होता, मीच आहे, मीच आहे. पोरगी आजोबाच्या पायांमागे शिरली आणि तिथून एकदा आईकडे, एकदा स्वयंपाकघराकडे बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मैत्री आईच्या आवाजाला ओ देईनाशी झाली. तोंड दिसलं तर ठीक, सगळं पहिल्यासारखं. पण न्हाणीघरातून हाक मारा, मागून मारा, शेजारच्या घरातून मारा, ती जिथल्या तिथे उभी. तोंड दाखव, म्हणायची. हातातलं टाकून दीप्तीला तिच्या समोर जाऊन उभं राहावं लागे. तिला सांगून झालं की ती आजी होती, मशीन नव्हतं. प्रबुद्धकडची जुनी कॅसेट आणून दाखवून झाली. मैत्री कॅसेटकडे बघायची आणि मान हलवायची आणि पुढच्या हाकेला पुन्हा दगड. घरात दीप्ती बोलायचीच कमी झाली. मग एक दिवस बालवाडीतून येताना मैत्रीचा हात सुटला आणि वळणावरून माल भरलेला टेंपो आला. दीप्ती मागून जिवाच्या आकांतानं ओरडली, मागे ये. मैत्री रस्त्याच्या मधोमध थांबली, वळून बघू लागली, तोंड कुठे आहे ते शोधत. टेंपोवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दीप्ती पोरीला शेजारणीकडे ठेवून भिवपुरीला दुकानात आली. अशी ती एकटी कधी येत नसे. तिनं सगळं सांगितलं, स्टुलावर बसून, पाणीही न पिता. प्रबुद्धनं खाली मान घातली होती. तो म्हणाला, चूक माझी, मी घर नीट ऐकलं नाही. तिनं ते बाजूला सारलं. ती भांडायला आली नव्हती. नाटक मी पुन्हा ऐकलं, म्हणाली, इयरफोन घालून, एका कानात. आई छान बोलते. 

"मैत्रीनं मला काय विचारलं माहितीये?" ती म्हणाली. "म्हणाली, आजोबा पण तुझं तोंड बघितल्याशिवाय तुझ्याशी बोलत नाही. त्याला पण माहितीये."

प्रबुद्धनं काउंटरवरचा मोबाईल उलटा करून ठेवला.

"खरं आहे ना, पप्पा? एवढ्या वर्षांत एकदाही घेतला नाहीत माझा फोन. मला वाटायचं, मला कंटाळता."

उद्या दुपारी तुम्ही फोन करायचा, असं तिनं सांगितलं. मी स्पीकरवर लावणार, ती शेजारी असेल. मी बोलले की लगेच ओ द्यायची. तिथे थांबलात तर ती ओळखेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगो दुकानात येऊन बसला होता, नवीन काहीतरी हवं म्हणून. प्रबुद्धनं त्याला हातानं थांब म्हटलं, कानातला इयरफोन काढला आणि नंबर लावला. दोनदा रिंग वाजली.

"हॅलो," पौर्णिमा म्हणाली.

तो दुकानात बसला होता तिथेच गोधड्या लटकवल्या होत्या. तिथेच, चार्जरच्या खोक्यापाशी, ती मांडी घालून बसली होती, हातात कागद, पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी. या जागी नाटकातल्या माणसाचं वाक्य होतं. तू कोण बोलतेस. ते त्यानं तेव्हा पाच-सहा वेळा म्हणून घेतलं होतं, नीट येत नव्हतं म्हणून. आता ते आपणहून जिभेवर आलं, पण त्यानं ते बाहेर येऊ दिलं नाही.

"मीच आहे," ती म्हणाली.

"हां गं," तो म्हणाला. "बोल. ऐकतोय."

पलीकडे काहीतरी सरकलं. मग मैत्रीचा आवाज आला, मोबाईलला अगदी चिकटून.

"आजोबा, तुला तोंड दिसतंय?"

"नाही."

"मग कोण आहे?"

"तुझी आई."

"कशावरून?"

चांगो काउंटरवर कोपर टेकून बघत होता; मोबाईलमधले बारीक आवाज त्याच्यापर्यंतही येत होते. प्रबुद्धनं एवढ्या नाटकांत एवढ्या माणसांना हा प्रश्न विचारताना ऐकलं होतं. चंद्रावरच्या तळावर, यानात, डोंगराखाली. कुठल्याच नाटकात याला उत्तर नव्हतं; म्हणून तर ती नाटकं होती. तो मन लावून ऐकू लागला, गिऱ्हाइकाचं घर ऐकावं तसं.

"तुमच्या मागचा मोठा पंखा चालू आहे," तो म्हणाला. "वरच्या काकूंची शिलाई मशीन चाललीये. कुकरची शिट्टी आत्ता झाली. आजीच्या नाटकात कुकर नव्हता. हे तुझं घर आहे, म्हणजे ही तुझी आई आहे."

मैत्रीनं विचार केला. तिचा श्वास ऐकू येत होता.

"आणि मी पण आहे इथे," ती म्हणाली.

"तू पण आहेस."

नाटकातल्या त्या दुसऱ्या घरातही मागे एक लहान मुलगी होती, हे तो बोलला नाही. हे तो पुढेही कधी कोणाला बोलणार नव्हता.

मोबाईल कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बंद करायला कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दीप्ती बहुधा आत गेली असावी, कारण आवाज आता लांबून आला, भिंतीपलीकडून, नुसता आवाज. मैत्री, ये गं, गॅस बंद करायचाय, बघ कसा करतात ते. मग काहीच नाही. पंखा तेवढा एका सुरात. प्रबुद्धला वाटलं ही शांतता पुरे झाली, आता कोणीतरी काहीतरी बोलावं.

"कुठलं हाय हे?" चांगोनं हळूच विचारलं. "मला पन दे भरून."

प्रबुद्धनं त्याला गप्प राहायची खूण केली. मग मोकळा कान तळहातानं घट्ट झाकून घेतला. पलीकडे फरशीवर लहान पावलं वाजली, आधी दोन, थांबून पुन्हा दोन, आणि मग आवाजाच्या दिशेनं धावत गेली.